डबल एक्झॉस्ट: स्वस्त किट घ्यायचं की गाडीच्या मापाने बनवून घ्यायचं?

हा प्रश्न गाडीखाली एकदा आडवं झाल्याशिवाय सुटत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये धुराच्या दोन पाइपांनी फरक पडतो तो फक्त मागून दिसण्यात आणि थोडाफार आवाजात. तिथे मापाने काम करून घेणं म्हणजे पैसे धुरात सोडणं. काही गाड्यांमध्ये मात्र दोन पाइपांना खरंच काम असतं, आणि नेमकं तिथेच स्वस्त किट माती खातं. म्हणून आधी गाडी रॅम्पवर घ्या किंवा पक्क्या स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका), इंजिन गार होऊ द्या, टॉर्च घ्या आणि मॅनिफोल्डपासून (सिलिंडरचा धूर गोळा करणारा, इंजिनाला जोडलेला भाग) मागच्या तोंडापर्यंत पाइप बघत जा.

तुमच्या इंजिनाला दोन पाइप लागतात का?

सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनाला सहसा एकच मॅनिफोल्ड असतो. चारही सिलिंडरचा धूर तिथे एकत्र होतो आणि एका कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (धूर स्वच्छ करणारा डबा, थोडक्यात ‘कॅट’) एकाच पाइपने मागे येतो. अशा गाडीला दोन तोंडं काढायची तर त्या पाइपाला मागे फाटा फोडावा लागतो. फाट्याआधीचा पाइप जेवढा होता तेवढाच राहतो, त्यामुळे इंजिनाच्या श्वासात काही फरक पडत नाही. टाकीतून येणारा पाइप तोच ठेवून नळाला दोन तोट्या लावल्या, तर पाणी काही दुप्पट येत नाही. एक टर्बो असलेल्या इंजिनाचंही तसंच. टर्बोच्या पुढे एकच पाइप निघतो. तो ऐसपैस असेल तर फायदा होतो, पण बंपरखाली तोंडं किती आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही.

व्ही आकाराच्या सहा किंवा आठ सिलिंडरच्या इंजिनाला दोन बाजू असतात, दोन मॅनिफोल्ड असतात आणि बहुतेक वेळा दोन कॅटही असतात. इथे प्रत्येक बाजूचा पाइप स्वतंत्र मागे नेता येतो. याला खरी डबल लाइन म्हणायचं. पण हेच इंजिन बॉनेटखाली आडवं बसवलेलं असेल, तर पुढच्या बाजूचा पाइप इंजिनाखालून येऊन मागच्याला मिळतो आणि तिथून पुढे सगळं एकेरीच असतं. त्यामुळे इंजिनावरची अक्षरं वाचून ठरवू नका. पाइप कुठे एकत्र होतात ते डोळ्यांनी बघा.

दुसरी गोष्ट वाटेची. कारखान्यातून एकेरी पाइप घेऊन आलेल्या गाडीच्या तळाला बहुधा एकच खोबण असते. दुसऱ्या बाजूला पेट्रोलची टाकी, स्टेपनीची खोलगट जागा, हँडब्रेकची केबल, ब्रेकचे पाइप यांपैकी काहीतरी आडवं येतं. दुसरा पाइप नेताना पत्र्यापासून निदान २५ मिमी, आणि इंधनाची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग, रबर व प्लॅस्टिक यांच्यापासून ५० मिमी जागा सुटली पाहिजे, शिवाय टाकीजवळ उष्णता अडवणारा पत्रा हवाच. एवढी जागा निघत नसेल तर डबल लाइनचा विचार तिथेच सोडून द्या. मागचा सायलेन्सर बदलून दोन तोंडं काढा.

तर सोपा हिशेब असा. एकेरी पाइपाची गाडी आहे, दोन तोंडांची हौस आहे आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेलं मागच्या भागाचं किट मिळतंय, तर किट घ्या. व्ही इंजिन आहे, वाट आहे, किंवा इंजिन, हेडर (मॅनिफोल्डच्या जागी बसवतात त्या सुट्या नळ्या), अॅक्सल, सस्पेन्शन यांपैकी काही बदललेलं आहे, तर मापाने करून घ्या. मधल्या गाड्यांसाठी मधला मार्गही आहे, तो पुढे येईल.

पाइपाची रुंदी: इथे सगळ्यात जास्त चुकतं

पाइप इंचात मोजतात आणि ते माप बाहेरचं असतं. १.६५ मिमी जाडीचा पत्रा धरला, तर आतली मोकळी जागा अशी निघते: दोन इंची पाइपात सुमारे १७.७ चौरस सेंमी, सव्वादोन इंचीत २२.८, अडीच इंचीत २८.५ आणि तीन इंचीत ४१.७. म्हणजे सव्वादोनचे दोन पाइप मिळून ४५.६ होतात, एका तीन इंचीपेक्षा जास्त. दोन अडीच इंची मिळून ५७ होतात, म्हणजे मूळ एकेरी अडीच इंचीच्या बरोब्बर दुप्पट. गॅरेजमधला ढोबळ नियम असा की ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास सव्वादोनची जोडी पुरते, ४५० पर्यंत अडीचची. त्याहून मोठ्या पाइपाची गरज रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला क्वचितच पडते.

मग मोठाच का घालू नये? प्रत्येक सिलिंडरमधून धुराचा एक धक्का निघतो, आणि वेगाने जाणाऱ्या त्या धक्क्यामागे दाब कमी होतो. तो पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घ्यायला मदत करतो. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की वेग मंदावतो, ओढ कमी होते आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर (कमी आरपीएमवर) गाडी मऊ पडते. ‘इंजिनाला थोडा बॅक प्रेशर लागतोच’ हे वाक्य यातूनच आलं आहे आणि ते चुकीचं आहे. मागचा दाब कोणत्याच इंजिनाला नको असतो, वेग हवा असतो.

आता बेंडचं. पाइप वाकवायच्या दोन पद्धती आहेत. मँड्रेल बेंडमध्ये आतून आधार देऊन वाकवतात, त्यामुळे गोलाई कायम राहते. प्रेस बेंडमध्ये बाहेरून दाबून वाकवतात, आणि पाइप वळणावर चपटा होतो. किटच्या जाहिरातीत ‘अडीच इंची’ लिहिलेलं असतं ते सरळ भागाचं. व्हर्नियर घेऊन सर्वांत चपट्या वळणावर दोन्ही दिशांनी मोजा. समजा बाहेरचं माप ६३ बाय ५० मिमी आलं. दोन्हींतून पत्र्याचे ३.३ मिमी वजा करा, गुणाकार करा आणि ०.७८५ ने गुणा. उत्तर येतं सुमारे २१.९ चौरस सेंमी. म्हणजे तुमचा अडीच इंची पाइप त्या वळणावर सरळ सव्वादोन इंचीपेक्षाही बारीक आहे. असं वळण लाइनमध्ये एक असो की पाच, बारीक जागा ती बारीकच. गोल राहिलेला सव्वादोन इंची पाइप यापेक्षा केव्हाही बरा, आणि हलकाही.

स्वस्त किट घेताना काय तपासायचं

स्वस्त म्हणजे वाईटच असं नाही. पैसे कुठे वाचवलेत ते कळलं पाहिजे. तोंडाच्या चकचकीत टिपवर कोणीच वाचवत नाही, कारण ती दिसते. वाचवतात ते धातूत, बेंडात, हँगरमध्ये (पाइप टांगायचे आकडे) आणि सायलेन्सरच्या पोटात.

धातूपासून सुरू करा. साधं लोखंड रंगवून दिलं असेल तर ते लवकर सडतं. अॅल्युमिनियमचा थर दिलेलं लोखंड चांगलं टिकतं, फक्त वेल्डिंगच्या जागी तो थर जळतो आणि गंज तिथूनच धरतो. त्यामुळे सांधे उष्णता सोसणाऱ्या रंगाने रंगवलेले आहेत का बघा, नसतील तर बसवण्याआधी स्वतः रंगवा. स्टेनलेसमध्ये ४०९ आणि ३०४ हे दोन प्रकार भेटतात. ४०९ मध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असतं. वरून तांबूस गंज दिसतो, पण आरपार सडायला बराच काळ लागतो. ३०४ मध्ये क्रोमियम सुमारे १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं, त्याला चकाकी राहते. चुंबक ४०९ ला चिकटतं, ३०४ ला सहसा चिकटत नाही, वळणावर किंचित ओढ जाणवते. पण चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४ च असं समजू नका. कमी निकेलचं २०१ स्टेनलेसही चुंबकाला दाद देत नाही आणि ते ३०४ च्या मानाने लवकर गंजतं. ‘स्टेनलेस’ एवढंच लिहिलं असेल आणि नंबर दिला नसेल, तर तो २०१ असू शकतो असं धरून चला.

वजन विचारा. सव्वादोन इंची, १.६५ मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे सव्वादोन किलो भरतो. (योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोपा.) किटमध्ये चार मीटर पाइप असेल तर नुसता पाइपच नऊ किलोचा झाला पाहिजे. सायलेन्सर धरून अख्खं किट आठ किलोचं भरत असेल, तर पत्रा पातळ आहे. पातळ पत्रा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि हँगरच्या वेल्डपाशी चिरतो.

सायलेन्सर आरपार असेल तर टॉर्च मारा. आतली जाळीची नळी गोल आणि सलग दिसली पाहिजे. जाळीऐवजी आत दुमडलेल्या खवल्या असतील तर त्या धुराच्या वाटेत येतात. जाळीभोवती काचेच्या तंतूंचं भरण असतं. जाळी आणि भरण यांच्यामध्ये स्टीलच्या लोकरीचा थर असेल तर ते टिकतं. नसेल तर धूर हळूहळू तंतू उडवून नेतो आणि सुरुवातीला गोड वाटणारा आवाज कर्कश होत जातो. तोंडाजवळ पांढुरके धागे दिसायला लागले की समजा सायलेन्सर रिकामा होतोय. कप्प्यांच्या सायलेन्सरमध्ये भरण नसतं. त्याचा आवाज जरा जाड, पण वर्षानुवर्षं तसाच राहतो.

जोडांची मापं तर किट मागवण्याआधीच कागदावर जुळवा. सायलेन्सरचं तोंड ‘आतून अडीच इंच’ असेल तर त्यात बाहेरून अडीच इंचाचा पाइप बसतो. पण पाइपाचं टोकही फुगवून आतून अडीच केलेलं असेल, तर दोन्ही टोकं एकमेकांवर आपटतात आणि मध्ये जोडतुकडा लागतो. बॉक्स उघडल्यावर होणाऱ्या चिडचिडीचं हे सर्वांत नेहमीचं कारण. एकात एक सरकणाऱ्या जोडाला ४० ते ५० मिमी सरक हवी. सोबत यू-बोल्ट क्लॅम्प दिले असतील तर ते बाजूला ठेवा. ते पाइपाला खड्डा पाडतात, मग तो जोड पुन्हा सुटत नाही. रुंद पट्टीचे क्लॅम्प घ्या.

‘सगळ्या गाड्यांना बसणारं’ किट मात्र घेऊच नका. ते कोणत्याच गाडीला न कापता बसत नाही, आणि कापून वेल्ड करायचंच असेल तर सुटे मँड्रेल बेंड आणि चांगले सायलेन्सर आणलेले काय वाईट?

मापाने करून घेताना काय ठरवून घ्यायचं

कस्टम काम कारागिराच्या हातावर आणि त्याच्याकडच्या बेंडिंग मशिनवर अवलंबून असतं. कस्टम म्हटलं की मँड्रेल असा समज असतो. पण अनेक ठिकाणी प्रेस बेंडच करतात. म्हणून पहिला प्रश्न तोच विचारा. त्याच्याकडे मँड्रेल मशिन नसेल तरी हरकत नाही, तयार बेंड कापून जोडता येतात. फक्त जोड वाढतात आणि मजुरीही.

वेल्डिंगची तार धातूप्रमाणे बदलते. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८-एल, स्टेनलेसला साधं लोखंड जोडताना ३०९-एल. ३०४ वर टिग वेल्डिंग करताना पाइपाच्या आतही आरगॉन वायू सोडावा लागतो. सोडला नाही तर आतून वेल्ड काळा, दाणेदार, करपलेल्या साखरेसारखा होतो. बाहेरून टाका इंद्रधनुषी आणि सुबक दिसतो, आणि तडा मात्र आतून जातो. तयार झालेल्या जुन्या कामाचा एखादा कापलेला तुकडा दाखवायला सांगा. आतली बाजू बघा.

गाडी उचलली की चाकं लोंबतात आणि अॅक्सल खाली येतो. त्या अवस्थेत अॅक्सलवरून जाणारा पाइप बनवला, तर गाडी चार चाकांवर उभी राहिल्यावर अॅक्सल वर येऊन पाइपाला भिडतो. मागे दोन माणसं बसून गतिरोधक आला की ठणका ऐकू येतो. माप घेताना वजन चाकांवरच असलं पाहिजे. शिवाय सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर कुठवर येतं ते रबरी स्टॉपवरून मोजून तेवढी जागा सोडायला सांगा.

लाइन उघडता आली पाहिजे हे लेखी घ्या. कॅटपासून टिपपर्यंत एकच अखंड वेल्ड केलेली लाइन क्लच बदलताना कापावी लागते. प्रत्येक बाजूला किमान दोन सुटे जोड हवेत: कॅटनंतर एक, अॅक्सलच्या आधी एक.

खऱ्या डबल लाइनमध्ये दोन्ही पाइपांना जोडणारा दुवा लागतो. बऱ्याच व्ही-८ इंजिनांत एकाच बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात, त्यामुळे त्या पाइपात धक्के एकसारख्या अंतराने येत नाहीत. दुवा दिला की ते वाटले जातात. एच आकाराचा आडवा तुकडा दिला तर आवाज जाड आणि घोगरा राहतो. एक्स आकारात पाइप एकमेकांत मिसळतात, आवाज चढा आणि गुळगुळीत होतो. दुवा वगळून पैसे वाचवायला जाऊ नका, त्याने गाडी फक्त जास्त खडखडते.

तापल्यावर धातू वाढतो याचा हिशेब कारागिराने केलाय का, तेही बघा. अडीच मीटरची ३०४ ची लाइन ४०० अंशांनी तापली की सुमारे १७ मिमी लांबते, ४०९ ची ११-१२ मिमी. हँगर ताठ असतील तर हे १७ मिमी कुठून तरी वाट काढतात: फ्लँज (बोल्टने आवळायची जोडाची चकती) ओढला जातो, नाहीतर टिप बंपरला टेकते. हँगर रबरी हवेत, साधारण ६० ते ९० सेंमी अंतरावर, आणि सायलेन्सरच्या पुढे-मागे एकेक.

घुमारा

डबल लाइन करून पस्तावणारे बहुतेक लोक याच कारणाने पस्तावतात. बाहेर उभं राहून ऐकलेला आवाज छान असतो. पण हायवेवर एका ठरावीक वेगाला गाडीच्या आत कानाचे पडदे दाबल्यासारखा घुमारा सुरू होतो आणि तासाभरात डोकं उठतं. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० धक्के देतं, आठ सिलिंडरचं १३३. ही कंपनसंख्या पाइपाच्या किंवा केबिनच्या पोकळीशी जुळली की घुमतं. किटच्या छोट्या सायलेन्सरांना एवढा खोल आवाज गिळता येत नाही.

उपाय आहे. एका टोकाला बंद केलेला पाइपाचा तुकडा लाइनला फांदीसारखा जोडायचा. त्याची लांबी म्हणजे गरम धुरातला आवाजाचा वेग भागिले कंपनसंख्येची चौपट. दोनशे अंशांच्या आसपास वेग सेकंदाला ४३० मीटर धरा. १०० साठी लांबी १०८ सेंमी येते, १३३ साठी ८१. दोन्ही लाइनवर एकेक फांदी लागते. चार सिलिंडरला २००० फेऱ्यांवर ६७ धक्के बसतात आणि फांदी १६० सेंमीची होते. ती बसवायला जागाच नसते, तिथे मोठ्या पोटाचा सायलेन्सरच घ्यावा.

मापाने काम करण्याचा खरा फायदा इथे आहे. सगळं आधी वेल्डच्या तात्पुरत्या टाक्यांवर आणि क्लॅम्पवर उभं करून घ्या, गाडी रोजच्या वेगाने चालवून बघा, घुमतंय कुठल्या फेऱ्यांवर ते टिपा, आणि मगच पूर्ण वेल्ड करायला द्या. किटमध्ये ही सोय नाही.

मधला मार्ग

मधला पाइप आणि दुवा मँड्रेल बेंड वापरून मापाने, सायलेन्सर नावाजलेल्या प्रकारचे तयार, आणि टिप स्वस्तातल्या. टिपमधून इंजिनाला काहीच मिळत नाही. ती क्लॅम्पवर ठेवली की केव्हाही बदलता येते. पैसे कमीच असतील तर आधी धातू आणि बेंड सांभाळा, मग सायलेन्सर, टिप सर्वांत शेवटी.

बसवताना

आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. वेल्डिंग गाडीवरच होणार असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या जवळ लावा. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) २२ मिमीच्या फटी असलेल्या सॉकेटने काढा. त्याचे आटे सहसा एम १८ बाय १.५ असतात. नवीन जागी सेन्सर पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात बसवा, खाली बसवला तर पाणी साचून तो तडकतो. साधं सिलिकॉन सीलंट जवळपासही नको, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो.

कॅट काढायचा मोह टाळा. बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीसाठी ते बेकायदा आहे, आणि मागचा सेन्सर लगेच डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटवतो, बिघाडाचा कोड येतो पी ०४२०. आवाजाची मर्यादाही असते. दोन छोटे आरपार सायलेन्सर ती सहज ओलांडतात.

सगळे तुकडे आधी सैल टांगा, टिपा बंपरशी जुळवा, मग पुढून मागे घट्ट करत या. मागून पुढे आवळत गेलात तर सगळा ताण कॅटच्या फ्लँजवर येतो. गॅस्केट आणि नट नवीनच वापरा. टिप बंपरच्या किंचित बाहेर असावी. आत राहिली तर प्लॅस्टिक वितळतं आणि धूर गाडीखाली रेंगाळतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नसलेला, त्यामुळे गळतीला आवाजाचा दोष समजून सोडून देऊ नका.

गळती शोधायला इंजिन सुरू करायची गरज नाही. एका टिपमध्ये चिंधी कोंबा, दुसरीतून ब्लोअरने हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. पुढच्या सेन्सरच्या अलीकडे बारीक गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि इंजिन विनाकारण जास्त पेट्रोल ओतत राहतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. डबल लाइनमध्ये प्रत्येक पाइपातून अर्धाच धूर जातो, पाइप उशिरा तापतो, आणि छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पाणी सायलेन्सरच्या तळाशी साचून आतून गंज धरतो. तळाच्या सर्वांत खोल जागी २ ते ३ मिमीचं एक छिद्र पुरतं. बरेच सायलेन्सर ते घेऊनच येतात. मात्र बसवताना उलटे फिरवले तर छिद्र वर जातं.

पहिल्यांदा सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं निळसर धूर येईल, तो पाइपावरच्या तेलाचा. गार झाल्यावर क्लॅम्प पुन्हा आवळा, आणि १०० किमीनंतर आणखी एकदा. त्या वेळी प्रत्येक सांध्याभोवती बघा. काळी काजळीची रेघ उमटली असेल तर तो सांधा श्वास घेतोय, सोडवून परत बसवा.